एक पंचेचाळीस म्हणजे किती

पाणी कमी पडतंय हे मला कांद्याच्या शेवटच्या वाफ्यांवरून कळलं. दिवाळीनंतरची पहिली पाळी होती. आमच्या वाट्याच्या पावणेदोन तासांत बांधापर्यंतचे सगळे वाफे भिजून वर हातपाय धुण्यापुरतं पाणी चारीत उरायचं. त्या दिवशी पाच वाफे कोरडे राहिले. मी फावडं घेऊन पुढच्या वाफ्याचं दारं मोडायला उभी, आणि चारीतलं पाणी बघता बघता खाली गेलं, नुसता चिखल उरला. वर बघितलं तर पाटकरी वाल्व्ह फिरवून सायकल हातात धरून पुढे निघालेला.

मी हाक मारली नाही. परक्या पुरुषाला लांबून हाक मारणं मला जमायचं नाही. ते लग्नाआधीपासूनचं होतं. मी तिथंच उभी राहिले आणि मनात म्हणाले, याच्या मनात काहीतरी आहे.

आमचं शेत नदीपासून लांब. गावच्या सोसायटीनं नदीवर मोटार बसवून पाणी वर उचललं होतं, आणि ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे तास ठरले होते. आठ दिवसांनी पाळी यायची. पाणी सोडायला-तोडायला सोसायटीनं एक माणूस पगारावर ठेवला होता. आमच्याकडे कालवा नव्हता, तरी त्याला सगळे पाटकरीच म्हणायचे. तो आंबेगावच्या वरच्या डोंगरपट्ट्यातला, भात पिकवणाऱ्यांतला. इथं त्याचं गुंठाभरही रान नव्हतं. मोटारीच्या खोलीला लागून एक खोली होती, तिथं तो आणि त्याची बायको राहायचे. ती खोलीसुद्धा नोकरीबरोबरच मिळालेली. गावात चार पिढ्या राहिलेल्या माणसाचा संशय यायला वेळ लागतो. बाहेरच्या माणसाचा लगेच येतो. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं.

उसाच्या हंगामात हे पारगावकडे साखर कारखान्यावर कामाला असायचे, आठवड्यातून एकदा घरी. म्हणून वाफ्या-वाफ्यात पाणी वळवायचं, दारं धरायचं काम माझ्याकडे होतं. आदल्या वर्षी दिरांनी वाटणी मागून घेतली होती. दोन्ही भावांचे मिळून साडेतीन तास होते, त्याचे दोघांना पावणेदोन-पावणेदोन झाले. आधी माझं पाणी, ते तुटलं की धाकट्या जावेचं.

म्हणून पहिला संशय पाटकऱ्यावर टिकला नाही, तो जावेवर गेला. त्याच दिवशी ती बांधावरून तणतणत आली होती.

"आक्का, माझ्या रानात पाणी कधी सोडलं ओ त्यानं? मी आत्ता येतेय आन् चारी फुटून सगळं रस्त्यावर गेलंय."

"मला काय माहीत? माझं तर लवकरच तोडलं."

"लवकर तोडलं म्हंजी मला लवकर सोडलं, असं म्हनायचंय का तुमाला?"

"मी काय म्हणाले का तसं?"

"तोंडानं न्हाई म्हनल्या. डोळ्यानं म्हनल्या."

ती गेली, पण माझ्या मनातून गेलं नाही. पाटकरी तिच्या पडवीत दोनदा चहा प्यायला बसलेला मी पाहिला होता. माझ्याकडे कधी बसला नव्हता, कारण मी कधी बस म्हटलं नव्हतं. हे दुसरं वाक्य तेव्हा मी मनात येऊ दिलं नाही. माझं पाणी अर्धवट तोडायचं आणि तिला सोडायचं, चहाच्या दोन कपांवर हे ठरलं असणार, असं मी धरून चालले.

पुढच्या पाळीला मी घड्याळ घेऊन गेले. मुलीचं जुनं मनगटी घड्याळ होतं, पट्टा तुटलेला. ते कनवटीला खोचलं आणि मुलीच्या जुन्या वहीतलं एक पान फाडून घेतलं. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण अंक आणि पाढे मला चांगले येत. गुरुजी पाढ्यांना मला उभं करायचे, कारण बाकी कशालाही उभं केलं तर मी बोलायचीच नाही.

पाणी नऊला आलं. पावणेदोन तास म्हणजे पावणेअकराला तुटायला हवं होतं. दहा वाजून सत्तावीस मिनिटांनी तुटलं. बरोबर अठरा मिनिटं कमी. मी पानावर लिहिलं. मग पदर डोक्यावर घेऊन चिंचेच्या आडोशाला बसले आणि जावेच्या रानाकडे बघत राहिले. स्वतःचीच लाज वाटत होती, पण उठले नाही. तिचं पाणी दहा सत्तावीसला सुरू झालं. मला वाटलं, आता हिला बारा-साडेबारापर्यंत मिळणार. अकरा वाजून चोपन्न मिनिटांनी पाटकरी आला आणि त्यानं तिचंही तोडलं.

मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. तिचीही अठरा मिनिटं गेली होती.

संशय असा असतो की एक माणूस त्यातून सुटला की जागा रिकामी राहत नाही, लगेच दुसरा तिथं बसतो. जाऊ सुटली, पाटकरी बसला. आमच्या पुढचा खातेदार मोठ्या रानाचा, त्याचे तीन तास. त्याच्या बांधाकडून मी मुद्दाम गवत कापत गेले. त्याला तीनच्या तीन तास मिळाले, एक मिनिट कमी नाही. मग माझी खात्रीच झाली. लहानांचं तोडतोय, मोठ्यांना पुरं देतोय. आणि उरलेलं पाणी? मोटारीच्या खोलीमागे त्याच्या बायकोनं मेथी-कोथिंबिरीचे दोन वाफे केले होते, हिरवेगार. ते मी जुन्नरच्या बाजाराला जाताना एसटीतून पाहिलेले होते. आता ते मला वेगळे दिसायला लागले.

मी एकाच माणसाला सांगितलं. जावेला. आदल्या पाळीला तिच्याबद्दल जे मनात आलं होतं, त्याचं ओझं होतं, म्हणून असेल. तिच्या ओट्यावर बसून मी ते पान तिच्यापुढे धरलं.

"तुजंबी गेलं आणि माझंबी गेलं," मी म्हणाले. "तो तोडतोय."

तिनं पान हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं. "हे तुमी लिवलंय? बसून?"

"हं."

"आक्का, तुमी म्हंजी लई आतल्या गाठीच्या निघाल्या!" ती हसली, आणि मग तिचा चेहरा बदलला. "थांबा आता. त्याला दावतेच मी."

"कुणाला सांगू नको. अजून एक पाळी बघू."

तिनं कुणालाही सांगायचं बाकी ठेवलं नाही. दोन दिवसांत पाणवठ्यावर, पिठाच्या गिरणीत, एसटीच्या थांब्यावर तेच. शेजारच्या म्हाताऱ्या बाईचे सव्वा तास होते, तीही म्हणाली माझं कमी पडतं. दीड तासवाले दोघं म्हणाले आमचंही. पुढच्या दोन पाळ्यांना मी त्यांचंही घड्याळ धरून लिहिलं. आता पान भरलं होतं, आणि ते माझं राहिलं नव्हतं. सोसायटीच्या चेअरमनकडे तक्रार गेली. रविवारी बैठक ठरली. पाटकऱ्याला काढायचं आणि खोली रिकामी करायला सांगायची, असं आधीच ठरल्यासारखं सगळे बोलत होते. त्याच्या जागी कोण, हेही दोघा-तिघांनी आपापल्या घरात ठरवलं होतं.

शनिवारी दुपारी जाऊ आली. "आक्का, ते पान नीट उतरवून द्या. चेअरमनला वाचता आलं पायजे. तुमचं अक्षर चांगलं हाय."

मी वही घेऊन दारात बसले. एका ओळीत माणसाचे तास, पुढे मिळालेलं पाणी, पुढे किती कमी. दोन तासवाला, कमी काही नाही. तीन तासवाला, कमी काही नाही. सव्वा तासवाली म्हातारी, सहा मिनिटं कमी. दीड तासवाले, बारा मिनिटं कमी, दोघांचीही बाराच. आम्ही दोघी पावणेदोनवाल्या, अठरा-अठरा.

सहा, बारा, अठरा.

मी पेन्सिल खाली ठेवली. हा सहाचा पाढा होता. चोरी करणारा माणूस पाढा म्हणून चोरी करत नाही. तो कधी दहा मिनिटं मारेल, कधी पंधरा. ज्याच्यावर राग त्याची जास्त, ज्याच्याकडे चहा त्याची कमी. जावेकडे चहा पिऊनही माझी गेली तेवढीच तिची गेली होती. आणि तीन पाळ्यांत एका मिनिटाचाही फरक नाही. एवढा नेमका माणूस मी पाहिलेला नाही.

माझी मुलगी तेव्हा मंचरला कॉलेजात कॉम्प्युटरचं शिकत होती, शेवटच्या वर्षाला. रोज एसटीनं जाऊन-येऊन. सोसायटीच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला होता आणि त्यावर पाळीचं वेळापत्रक काढायचा प्रोग्राम तिनंच बनवून दिला होता. वाटण्या होऊन तास बदलले की सेक्रेटरीला अख्खं रजिस्टर पुन्हा लिहावं लागायचं. आता नुसते तास टाकले की कुणाचं पाणी किती वाजता सुरू, याचा कागद छापून यायचा. तो कागद पाटकऱ्याला मिळायचा, आणि कागदातली पुढच्याची वेळ झाली की तो आधीच्याचं तोडायचा. दिवाळीपासून हे सुरू झालं होतं. चेअरमन खूष होते. पुण्यात त्यांच्या ओळखीच्या कंपनीसाठी मुलीला चिठ्ठी देतो म्हणाले होते. घरात त्या चिठ्ठीवर आम्ही पुष्कळ काही बांधून ठेवलं होतं.

मी वही मुलीपुढे धरली. "हे बघ. हा पाढा आहे का नाही?"

तिनं वाचलं. मग उठून आपल्या पिशवीतून छापलेला कागद काढला. आमच्या ओळीवर बोट ठेवलं. माझं पाणी सुरू नऊ. जावेचं सुरू दहा सत्तावीस. पुढच्याचं अकरा चोपन्न.

"आई, तो कागदाप्रमाणेच तोडतोय," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"मग कागद चुकला?"

"थांब जरा."

ती बराच वेळ आपल्या कोडच्या वहीत बघत बसली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मला क्षणभर माझ्याच मुलीचा संशय आला, की हिला हे आधीच माहीत होतं. तो संशय मी लिहून ठेवते आहे, कारण तो आला होता.

"सेक्रेटरी काका तास कसे लिहितात?" तिनं विचारलं.

"सगळे लिहितात तसेच. पावणेदोन म्हणजे एक, टिंब, पंचेचाळीस."

"तेच." तिनं वही मिटली. "मी दोन खाने करणार होते. एक तासांचा, एक मिनिटांचा. काका म्हणाले, दोन खाने कशाला, आम्ही एकातच लिहितो. मी एक केला. मशीननं ते टिंब रुपये-पैशांतल्या टिंबासारखं वाचलं. शंभर मिनिटांचा तास धरला, म्हण ना. शंभरातले पंचेचाळीस म्हणजे साठातले सत्तावीस."

मी मनात मोजलं. एक तास सत्तावीस मिनिटं. नऊ अधिक तेवढं, दहा सत्तावीस. बरोबर होतं. पूर्ण तासवाल्यांना टिंबाच्या पुढे शून्य, म्हणून त्यांचं काही गेलं नाही.

"तू तपासलं नव्हतंस?"

"तपासलं होतं. दोन तास, तीन तास, चार तास टाकून. सगळं बरोबर आलं." ती हसल्यासारखं करून थांबली. "पावणेदोन टाकायचं मला सुचलंच नाही, आई. आणि ते तास तर आपल्याच घरचे आहेत."

"पण मशीनला साधा आकडा आणि वेळ यातला फरक कळत नाही का?"

"कळतो. म्हणून तर जास्त राग येतोय." ती खाली बसली आणि मला समजावायला लागली. मला ते सगळं कळलं असं नाही, पण जे कळलं ते असं. तिनं प्रोग्राममध्ये 'वेळ' नावाचा एक प्रकार केला होता. वेळ तयार करून देणाऱ्या भागाला कन्स्ट्रक्टर म्हणतात. तिनं असे दोन केले होते. एकाला तास आणि मिनिटं वेगळी द्यायची. दुसऱ्याला नुसता एक आकडा दिला की तो त्याला तास समजून वेळ बनवतो. वेळापत्रक लावणाऱ्या भागाला वेळ हवी होती. हातात आला एक आकडा. मशीननं पाहिलं की आकड्याची वेळ बनवणारा इथं आहे, आणि गुपचूप बनवून दिली.

"तू त्याला बनव म्हणून सांगितलं होतंस?"

"नाही."

"मग त्यानं तुला विचारलं?"

"नाही ना. तो बनवणारा मी तिथं ठेवला, म्हणजे परवानगी आहे असं ते धरतं. एक शब्द आहे, एक्स्प्लिसिट. तो कन्स्ट्रक्टरच्या आधी लिहिला की मशीन आपल्या मनानं असा बदल करत नाही. अडून बसतं. तुला वेळ हवी असेल तर वेळ कर म्हणून स्पष्ट लिही, म्हणतं. मी तो लिहिला असता तर त्याच दिवशी अडलं असतं आणि मला चूक दिसली असती. सोसायटीच्या नव्या कॉम्प्युटरला तो शब्द कळतो, पण आमच्या कॉलेजातल्या जुन्याला कळतच नाही, म्हणून सरांनी नुसता वाचून दाखवला आणि पुढे गेले. मीही पुढे गेले."

मग ती हळू म्हणाली, "सोमवारी ऑफिसात जाऊन दुरुस्त करते. पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या पाळीपासून पाणी बरोबर येईल."

"आणि उद्याची बैठक?"

"उद्या काही बोलायला नको, आई. चेअरमन चिठ्ठी याच महिन्यात देणार आहेत."

"त्याला काढतील उद्या."

ती छापलेला कागद घडी करून पिशवीत ठेवायला लागली.

मी तिला दोष देणार नाही. एकवीस वर्षांची होती आणि घरातून पहिलीच बाहेर पडायला निघाली होती. माझ्याही मनात तेच आलं होतं, तिच्या तोंडून आलं इतकंच. शिवाय मला दुसरी सोय होती. बैठकीत बोलायचं पुरुषांनी, आणि हे तर कारखान्यावर होते. मी गप्प बसले तर कुणाला त्यात काही वेगळं दिसणार नव्हतं. मी नेहमीच गप्प असायची.

पण ते पान माझं होतं. त्याला चोर म्हणून लिहिणारी मी होते. एकदा विचारलंही नव्हतं.

रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात खाली सतरंजीवर पुरुष, आणि दाराशी आम्ही चार-पाच बाया. मुलगी माझ्यामागे उंबऱ्याबाहेर उभी होती. चल, असं मी तिला म्हटलं नव्हतं, ती आपणहून आली. पाटकरी भिंतीला टेकून उभा. त्याला बस कुणी म्हटलं नव्हतं. त्याची बायको बाहेर कडुलिंबाखाली.

"काय म्हणणं आहे तुझं?" चेअरमननी विचारलं.

"कागदात हाय तसं मी करतो, सायेब."

"कागदात तुझ्या बायकूची मेथी बी छापलीया का रं?" मागून एक जण म्हणाला आणि सगळे हसले.

"मेथी मोटारीच्या गळतीव हाय. येऊन बघा. हापिसात तीनदा सांगितलं, पॅकिंग बदला म्हनून."

"आता मोटारीला नको दोष देऊस," सेक्रेटरी म्हणाले. "आणि कागद कॉम्प्युटरचा आहे. तो चुकत नसतो."

"मी कुटं म्हनतो चुकला? आधी पावनेअकरा, साडेबारा असं असायचं. आता धा सत्तावीस, आकरा चोपन. मी म्हनलं, मशीन लई बारीक हिशेब करतंय, आपुन आडानी मानूस, तसंच फिरवायचं."

जाऊ उठली. माझ्या हातातली वही तिला हवी होती. "आक्का, द्या इकडं."

मी दिली नाही. उठले. भिंतीवर पाळी लिहायचा फळा होता, तिथपर्यंत गेले आणि खडूनं लिहिलं, १.४५.

"आता काय शाळा भरवता का, वैनी?" कुणीतरी म्हणालं.

मी सेक्रेटरीकडे बघून विचारलं, "भाऊ, हे किती?"

"पावणेदोन. त्यात काय?"

"मशीन त्याला पावणेदोन म्हणत नाही. एक तास सत्तावीस मिनिटं म्हणतं. टिंब पैशांसारखं वाचतं." माझा आवाज मलाच लहान वाटत होता. "सव्वाची सहा मिनिटं जातात, दीडची बारा, पावणेदोनची अठरा. पूर्ण तासांची काही जात नाहीत. तीन पाळ्या मी लिहिलंय. यानं एक मिनिट इकडचं तिकडं केलेलं नाही."

कुणी हसलं नाही. दीड तासवाला एक जण बोटांवर मोजत होता. चेअरमननी छापलेला कागद मागवला आणि फळ्याशी ताडून बघितला.

"मग चूक कुणाची?" ते म्हणाले.

सेक्रेटरी खिडकीबाहेर बघायला लागले. पाटकरी माझ्याकडे बघत होता.

"माझ्या मुलीची," मी म्हणाले. "आणि त्याच्या आधी माझी. मीच बोलले होते, हा तोडतोय म्हणून."

मुलगी उंबरा ओलांडून आत आली. फळ्यासमोर उभी राहून तिनं सगळं सांगितलं, एका खान्याचं, कन्स्ट्रक्टरचं, न लिहिलेल्या शब्दाचं. निम्म्या लोकांना कळलं नसेल. पण "मी तपासलं नाही" हे सगळ्यांना कळलं. सेक्रेटरींचं नाव तिनं घेतलं नाही. तेव्हा सेक्रेटरी स्वतःच म्हणाले, "एक खाना करा म्हणून मीच सांगितलं होतं तिला."

पाटकऱ्याला काढायचा विषय तिथंच मिटला. मिटला म्हणजे कुणी त्याची माफी मागितली असं नाही. "चला, समजलं," असं म्हणून सगळे उठले, आणि जाता जाता चेअरमन त्याला म्हणाले, "मोटारीचं पॅकिंग बदलून घे." मुलीनं त्याच दिवशी, रविवारीच, ऑफिस उघडून घेऊन दोन खाने केले आणि तो शब्दही लिहिला. चिठ्ठी मात्र आली नाही. नाही म्हणून कुणी सांगितलं नाही, फक्त आली नाही. पुढच्या वर्षी ती चिठ्ठीशिवाय पुण्याला गेली. दोन ठिकाणी नाही म्हणाले, तिसऱ्या ठिकाणी घेतलं.

जाऊ आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस बांधावरून म्हणाली, "तुमी मला आधी सांगायचं ना, म्या एवढी गावभर बोंब मारली ती वाया गेली." मी म्हणाले, "मी सांगितलं होतं, कुणाला सांगू नको." ती म्हणाली, "ते मला खरं वाटलं न्हाई." आणि आम्ही दोघी हसलो.

पाटकऱ्याचं तसं झालं नाही. त्या रविवारी ऑफिसाबाहेर तो चपला घालत होता. मी जवळून जात होते. तो मान वर न करता म्हणाला, "वैनी, तीन पाळ्या तुमी घड्याळ लावून बसल्या. मी तितंच व्हतो, वाल्व्हाशी. एकदा इचारायचं व्हतं."

मी पायात चपला सरकवून घराकडे वळले.

पुढच्या पाळीला पाणी नऊला आलं. पावणेअकरा वाजता शेवटचा वाफा भरत होता. तेवढ्यात वरून आवाज आला, चार रानांना ऐकू जाईल असा.

"वैनीऽऽ! बंद करू का?"

मी हात वर केला.

"हातानं कळत न्हाई! तोंडानं सांगा!"

शेजारच्या रानात खुरपणाऱ्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या. मी पदर दातात धरला. तो वाल्व्हवर हात ठेवून तसाच उभा. पाणी वाहतच होतं, शेवटच्या वाफ्याच्या कडा फुटायला आल्या होत्या.

"करा!" मी ओरडले.

"काय?"

"बंद करा!"

त्यानं वाल्व्ह फिरवला.

त्यानंतर तो तिथं होता तेवढी सगळी वर्षं त्यानं प्रत्येक पाळीला हेच केलं. दुसऱ्या कुणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. तो मला मान देत होता की सगळ्यांदेखत टोचत होता, हे मी त्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचा पुष्कळ प्रयत्न केला. मला ते कधी नक्की कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मी फक्त दर आठ दिवसांनी एकदा, जमेल तेवढ्या मोठ्यानं, करा म्हणत राहिले.